हे पातेलं कुणाचं?

बालमित्रांनो, आज शाळेतून घरी गेलात की एक काम करा. स्वयंपाकघरातला एखादा स्टीलचा डबा नाहीतर पातेलं हातात घ्या. (रिकामं घ्या बरं का, नाहीतर आई रागावेल!) त्याच्या कडेजवळ नीट पाहा. बारीक बारीक ठिपक्यांनी कोरलेलं एखादं नाव दिसतंय? आजीचं, आईचं किंवा लग्नात आहेर देणाऱ्या मामा-मामींचं? भांड्यांच्या दुकानात खरेदी झाली की दुकानदार विचारतो, "नाव काय घालू?" आणि मग छोट्या मशीनने करर्र करर्र करत नाव घालून देतो.

हे नाव कशासाठी घालतात? शोभेसाठी? छे! भांडं घरातल्या घरात असेपर्यंत त्या नावाची काहीच गरज पडत नाही. गरज पडते ती भांडं घराबाहेर गेल्यावर. शेजारी बारसं असतं, गल्लीत सत्यनारायण असतो. दहा घरांची पातेली एका ठिकाणी जमतात. कार्य आटोपलं, भांडी घासून ओळीने पालथी घातली, की सगळी एकसारखी दिसू लागतात. मग सुरू होतं, "हे पातेलं कुणाचं?" नाव असलेलं भांडं बिनबोभाट आपल्या घरी जातं. नाव नसलेलं कुणाच्याही घरी जातं, आणि कधीकधी तर महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई आज भांड्यांवर का घसरल्या? सांगते. गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक प्रकार घडला. तो होता कॉम्प्युटरचा, पण त्याचं मूळ अशाच एका न कोरलेल्या नावात होतं.

तक्त्यावरचा लाल आकडा

मी चौथीच्या वर्गाची बाई. कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे अजिबात नाही. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी आता आठवीत आहे, आणि काही नवं केलं की ते दाखवायला ती हमखास आमच्या शाळेत येते. तिच्या हायस्कूलमध्ये विज्ञान प्रदर्शन होतं. तिने विषय घेतला होता, 'तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका'. मोबाइलवर ते निरोप येतात ना, 'हा मेसेज लगेच तीन जणांना पाठवा, नाहीतर वाईट होईल', त्यांच्याबद्दल.

एकाने तिघांना पाठवला. त्या तिघांनी प्रत्येकी तिघांना पाठवला. असं चालूच राहिलं तर निरोप किती जणांकडे जाईल? याचा हिशेब करणारा छोटासा प्रोग्रॅम तिने पायथन या भाषेत लिहिला होता. पहिल्या फेरीत ३, दुसऱ्या फेरीत ९, तिसऱ्या फेरीत २७. हे आकडे लहान वाटतात ना? पण विसाव्या फेरीत होतात ३,४८,६७,८४,४०१, म्हणजे ३४८ कोटींहून जास्त! आणि एकविसाव्या फेरीत तब्बल १,०४६ कोटी! साऱ्या जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोचली. म्हणजे एकविसाव्या फेरीला निरोप घ्यायला पृथ्वीवर माणसंच पुरत नाहीत.

बघणाऱ्यांनी 'अबब!' म्हणावं म्हणून तिने हिशेब चाळीस फेऱ्यांपर्यंत नेला होता आणि शेवटचा आकडा तक्त्याच्या तळाशी मोठ्या लाल अक्षरांत रंगवला होता:

१२१५७६६५४५९०५६९२८७६८

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, ती तक्ता घेऊन आली. चौथीची मुलं भोवती जमली. त्यांच्यात एक मुलगा होता, एरवी फारसा न बोलणारा. तो आकड्यावर बोट फिरवत शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, "बाई, हा सम आहे."

"कशावरून रे?"

"शेवटी आठ आहे."

"बरं, मग?"

"ताईने तीनला तीननेच गुणत नेलंय ना? मग सम कसा येईल?"

आम्ही सगळे गप्प! विषम संख्येला विषम संख्येने गुणलं की उत्तर विषमच येतं, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं होतं. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. फळ्यावर करून पाहिलं. ३, ९, २७, ८१, २४३, ७२९... शेवटचा अंक ३, ९, ७, १, पुन्हा ३, ९, ७, १ असाच फिरत राहतो. चाळीसला चारने पूर्ण भाग जातो, म्हणजे चाळीसाव्या फेरीच्या आकड्याच्या शेवटी १ हवा. आणि तक्त्यावर होता ८.

"पण बाई, कॉम्प्युटरने काढलंय हे!" ती म्हणाली. मग तिची नजर तक्त्याच्या मथळ्याकडे गेली. 'तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.' बिचारीचा चेहरा एवढासा झाला.

एक नाव, दोन कारागीर

लॅपटॉप उघडला. तिच्याकडे प्रोग्रॅमची आठवडाभर आधीची प्रत होती. ती चालवली, तर शेवटचा आकडा आला १२१५७६६५४५९०५६९२८८०१. शेवटी १! हा बरोबर. नव्या प्रोग्रॅमचा आकडा त्याच्यापेक्षा ३३ ने कमी. मग आठवडाभरात बदललं काय?

मुलांनो, इथे दोन शब्द समजून घेऊ. प्रोग्रॅममध्ये एखाद्या कामाला नाव देऊन ठेवलेलं असतं. ते नाव घेतलं की ते काम होतं. त्याला म्हणतात फंक्शन. पायथनमध्ये 'पॉव' नावाचं एक फंक्शन आहे. (टाइप करताना इंग्रजीत पी, ओ, डब्ल्यू.) 'पॉव(३, ४०)' म्हटलं की ते तीनला तीनने गुणत चाळीसावा घात काढून देतं. आणि पुष्कळ फंक्शनं एकत्र बांधून सगळ्यांना वापरायला ठेवली की ती झाली लायब्ररी. गल्लीच्या सामाईक भांड्यांसारखीच! एकाने करून ठेवलेलं काम हजारो जण वापरतात, प्रत्येकाला नव्याने करावं लागत नाही.

आमच्या ताईला आकड्यांच्या शेजारी लहान-मोठे गोल काढायचे होते. निरोप जितक्या जणांकडे पोचला, तितकं गोलाचं क्षेत्रफळ. त्यासाठी वर्गमूळ हवं, आणि वर्गमूळ काढणारं फंक्शन असतं 'मॅथ' नावाच्या लायब्ररीत. कुणीतरी तिला सांगितलं, वर एक ओळ टाक, 'फ्रॉम मॅथ इम्पोर्ट' आणि पुढे एक चांदणी. म्हणजे, मॅथ लायब्ररीत जे जे आहे ते सगळं उचलून आण.

तिला हवं होतं एक वर्गमूळ. आलं सगळं बिऱ्हाड! आणि त्या बिऱ्हाडात आणखी एक 'पॉव' होता.

आता हे दोन पॉव वेगवेगळे कारागीर आहेत. पायथनचा घरचा पॉव पूर्णांक संख्येचा हिशेब एकेका अंकापर्यंत चोख करतो, मग आकडा कितीही लांब होवो. मॅथचा पॉव दशांश चिन्हाच्या संख्यांसाठी बनवलेला. विज्ञानातल्या मोजमापांना तो फार उपयोगी, पण त्याच्या पाटीवर साधारण १५-१६ अंकच खात्रीने मावतात. आकडा त्याहून लांब झाला की तो जवळचा, आपल्या पाटीवर मावणारा आकडा देतो. म्हणून ३३ व्या फेरीपर्यंतचे सगळे आकडे अगदी बरोबर होते. गडबड सुरू झाली ती ३४ व्या फेरीपासून.

दोघंही गुणी, दोघंही आपापल्या कामात पक्के. फक्त नाव एकच! ताईने हाक मारली एकाला आणि 'ओ' दिली दुसऱ्याने.

गंमत म्हणजे, कॉम्प्युटरने एक खूण दिली होती. ती ओळ टाकल्यावर आकडे '३.०, ९.०, २७.०' असे यायला लागले होते. तिला ते शेवटचं '.०' छान दिसेना, म्हणून तिने तो ठिपका काढून टाकणारं आणखी एक फंक्शन वापरलं. खूण पुसली गेली, चूक मात्र आत तशीच राहिली.

"म्हणजे बाई, कॉम्प्युटर चुकला का?" आमच्या त्या मुलाने विचारलं.

नाही रे बाळा. त्याला जे नाव सांगितलं, त्या नावाचा जो पहिला सापडला, त्याच्याकडून त्याने काम करून घेतलं.

'कोणता?' असं तो विचारत नाही

समजा, तुमच्या वर्गात दोन वैष्णवी आहेत. बाईंनी "वैष्णवी, उभी राहा" म्हटलं की दोघी उभ्या राहतात, नाहीतर एक जण विचारते, "कोणती, बाई?" माणसं अडखळतात, आणि म्हणूनच चूक टळते. कॉम्प्युटर अडखळत नाही. त्याच्याकडे शोधायचा एक ठरलेला क्रम असतो. पायथन आधी तुमच्या प्रोग्रॅमच्या हजेरीपटात नाव शोधतो. तिथे सापडलं की शोध संपला. घरचा पॉव मागच्या खोलीत बसून राहतो, त्याला कुणी विचारतही नाही.

हे फक्त शाळकरी प्रोग्रॅममध्ये होतं असं समजू नका. इंटरनेटवरचे असंख्य मोठे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या व्यवस्थेवर चालतात. तिथे एकच लायब्ररी पुष्कळ प्रोग्रॅम मिळून वापरतात. यात फायदा मोठा आहे. जागा वाचते, आणि लायब्ररीतली चूक एकदा दुरुस्त केली की ती वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना दुरुस्त लायब्ररी मिळते. प्रोग्रॅम सुरू झाला की डायनॅमिक लिंकर नावाचा एक जोडारी त्यातली नावं आणि लायब्रऱ्यांतली कामं यांच्या गाठी मारतो. तो आधी खुद्द प्रोग्रॅममध्ये बघतो, मग ठरलेल्या क्रमाने एकेका लायब्ररीत. पहिलं नाव सापडलं की गाठ पक्की!

आता दोन लायब्रऱ्या दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या देशांत लिहिल्या, आणि दोघांनीही एका फंक्शनला 'ओपन' नाहीतर 'प्रिंट' असं सोपं नाव दिलं, तर? दुसऱ्या लायब्ररीने आपल्याच घरातल्या माणसाला हाक मारावी आणि 'ओ' द्यावी शेजारच्याने, असंसुद्धा होतं! त्या शेजाऱ्याला पुढ्यातलं सामानच ओळखीचं नसतं. मग कधी उत्तर चुकतं, तर कधी प्रोग्रॅम मधेच बंद पडतो.

असा नियम मुळात केलाच का, असं वाटेल. त्यालाही कारण आहे. कधीकधी जाणकारांना मुद्दामच एखाद्या फंक्शनच्या जागी आपलं फंक्शन बसवायचं असतं. उदाहरणार्थ, प्रोग्रॅम मेमरी कशी वापरतो हे तपासण्यासाठी. ही सोय चांगली आहे. पण ती नकळत वापरली गेली तर घात होतो.

आजोबांचं नाव नातवाला

मग यावर उपाय काय? तोच, भांड्यांवरचा! जे घराबाहेर जाणार, त्याच्यावर घराचं नाव घाला.

तुमच्या घरातल्या फोनमध्ये बहुधा 'एसक्यूलाइट' नावाची एक लायब्ररी असते. माहिती नीट लावून ठेवणं हे तिचं काम. तिचं कुठलंही फंक्शन बाहेर पडताना आधी आडनाव लावतं. नुसतं 'ओपन' नाही, तर 'एसक्यूलाइट३_ओपन'. नुसतं 'क्लोज' नाही, तर 'एसक्यूलाइट३_क्लोज'.

त्यातला तो ३ पाहिलात? २००४ मध्ये या लायब्ररीची तिसरी आवृत्ती आली. पण काही प्रोग्रॅमना दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही आवृत्त्या एकदम लागण्याची शक्यता होती. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, आणि मग दारात पोस्टमन आला की घरात विचारपूस सुरू होते, "पत्र थोरल्यांचं की धाकट्यांचं?" तसा घोळ नको म्हणून नावातच ३ घातला. आजोबा आणि नातू एका छपराखाली सुखाने राहू शकतात!

काही लायब्रऱ्यांनी मात्र सुरुवातीला असं आडनाव लावलं नव्हतं. १९९५ मध्ये आलेली 'झेडलिब' ही त्यातली एक. मोठी माहिती दाबून लहान करणारी ही लायब्ररी आजही जगभर वापरली जाते. तिच्यातल्या एका फंक्शनचं नाव आहे नुसतं 'कॉम्प्रेस'. आता 'दाबून लहान कर' हे नाव कुणालाही सुचेल! म्हणून तिच्यात एक सोय ठेवली आहे. लायब्ररी तयार करताना एक कळ फिरवली की सगळ्या नावांच्या आधी 'झेड_' लागतं. भांडं आधी घेतलं, नाव नंतर घातलं, तसंच हे.

गावांचंही असंच नाही का? वडगाव म्हटलं की कोणतं? वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, की वडगाव मावळ? आपल्या टपाल खात्याला हा त्रास फार व्हायचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी, आणि संस्कृतचे मोठे कवीसुद्धा! गावाचं नाव सारखं असलं तरी शेजारचे सहा अंक पत्राला बरोबर वाट दाखवतात.

डॉलरचा दोघांचा हट्ट

आता एक मजेदार भांडण ऐका. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी २००५ मध्ये 'प्रोटोटाइप' नावाची लायब्ररी आली, आणि २००६ मध्ये आली 'जेक्वेरी'. दोघींनीही आपल्या सर्वांत लाडक्या फंक्शनला नाव ठेवलं एका चिन्हाचं: डॉलरचं चिन्ह! टाइप करायला सोपं, दिसायला ठसठशीत. पण एकाच पानावर दोघी आल्या, तर जी नंतर आली तिचा डॉलर. आधीचीचा गेला.

जेक्वेरीने मग काय केलं? 'नोकॉन्फ्लिक्ट' नावाचं एक फंक्शन दिलं. आपण येण्याआधी डॉलर कुणाचा होता, हे जेक्वेरी लक्षात ठेवते. 'नोकॉन्फ्लिक्ट' म्हटलं की ती तो डॉलर मूळ मालकाला परत करते आणि स्वतः 'जेक्वेरी' या पूर्ण नावाने काम करत राहते. चुकून आलेलं पातेलं शेजारणीला परत नेऊन देण्यासारखंच, नाही का?

कधीकधी मात्र पाहुण्यालाच नाव बदलावं लागतं. वेबसाइटच्या जावास्क्रिप्ट या भाषेत यादीतल्या याद्या उलगडून सपाट करणारं एक फंक्शन घालायचं होतं. नाव ठरलं 'फ्लॅटन'. पण 'मूटूल्स' नावाच्या एका जुन्या लायब्ररीने ते नाव कधीचंच वापरलं होतं. २०१८ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत नवं फंक्शन घालून पाहिलं, तर मूटूल्सवर चालणारी जुनी वेबसाइट मोडली! मग नाव बदलायची चर्चा झाली. एकाने तर थट्टेने 'स्मूश' हे नाव सुचवलं. शेवटी ठरलं 'फ्लॅट', आणि २०१९ पासून ते भाषेत रुजू झालं. जुन्या वेबसाइटच्या मालकांची काही चूक नव्हती, म्हणून नव्यानेच वाट सोडली.

ओरडणारी चूक बरी

सी या भाषेचं एक गाजलेलं पुस्तक आहे. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांनी ते १९७८ मध्ये लिहिलं. आपल्याकडेही कॉलेजातल्या कित्येक ताई-दादांनी त्यावरून अभ्यास केला असेल. त्याच्या पहिल्याच प्रकरणात 'गेटलाइन' नावाचं एक फंक्शन लेखकांनी स्वतः लिहून दाखवलं आहे. पुढे तीस वर्षांनी, २००८ मध्ये, वेगळं काम करणारं दुसरं 'गेटलाइन' पॉसिक्स नावाच्या नियमावलीत आलं. आता पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं आजच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, तर तो पुष्कळदा अडून बसतो: एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या जुळत नाहीत!

शिकणारा घाबरतो. पुस्तक चुकलं की मी चुकलो? खरं तर कुणीच नाही. नाव बदलून 'माझी_गेटलाइन' असं काहीतरी केलं की काम चालू.

पण मला तरी वाटतं, हा अडून बसणारा कॉम्प्युटर आपला मित्र. त्याने काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं. आमच्या ताईचा कॉम्प्युटर गप्प राहिला, हसतमुखाने चुकीचा आकडा देऊन मोकळा झाला, आणि तो आकडा लाल रंगात तक्त्यावर चढला. ओरडणारी चूक बरी, गप्प बसणारी वाईट. गणितातही आणि घरातही! (हे वाक्य आई-बाबांनीही वाचावं. मुलाने चूक येऊन सांगितली, तर आधी त्याला शाबासकी द्या.)

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, सगळं बिऱ्हाड आणू नका. चांदणीची ओळ टाळा. नुसतं 'इम्पोर्ट मॅथ' लिहा आणि हवं तेव्हा पूर्ण नावाने हाक मारा: 'मॅथ.एसक्यूआरटी'. मग घरचा पॉव 'पॉव' राहील आणि पाहुणा 'मॅथ.पॉव' होईल. चार अक्षरं जास्त टाइप होतात, पण घोळ टळतो.

दुसरी गोष्ट, दुसऱ्यांना वापरायला द्यायचं असेल त्याला घराचं नाव लावा. 'बेरीज' नको, 'आमचीशाळा_बेरीज' असं काही ठेवा.

तिसरी गोष्ट, जे फक्त घरात लागतं ते बाहेर ठेवूच नका. सी भाषेत फंक्शनच्या आधी 'स्टॅटिक' असा शब्द लिहिला की ते फंक्शन त्या फाइलच्या बाहेर कुणाला नावाने सापडत नाही. चहाचं गाळणं कुणी गल्लीच्या पंगतीला पाठवतं का?

चौथी गोष्ट, खास पायथन शिकणाऱ्यांसाठी. कासव फिरवून चित्रं काढायची 'टर्टल' लायब्ररी तुमची आवडती असेल. पण स्वतःच्या फाइलला 'टर्टल' हेच नाव देऊन ठेवू नका. पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोधतो, त्याला तुमचीच फाइल सापडते, आणि खरं कासव येतच नाही!

करून पाहा

घरी किंवा शाळेत पायथन असेल तर (अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करून):

१. पॉव(३, ४०) छापून पाहा. शेवटचे तीन अंक वहीत लिहा.

२. आता वर मॅथची चांदणीची ओळ टाका आणि तेच पुन्हा छापा. उत्तराचं रूप कसं बदललं?

३. चांदणीची ओळ काढून फक्त 'इम्पोर्ट मॅथ' लिहा. पॉव आणि मॅथ.पॉव ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा.

कॉम्प्युटर नसेल तरी काही बिघडत नाही. कागदावर एक तपासणी करा. चाळीस वेळा तीन गुणले आहेत, म्हणजे त्या आकड्याला ९ ने पूर्ण भाग जायलाच हवा. नऊची कसोटी आठवते ना? अंकांची बेरीज करा. ८०१ वर संपणाऱ्या आकड्याच्या अंकांची बेरीज किती? आणि ७६८ वर संपणाऱ्याची? कोणती बेरीज नऊच्या पाढ्यात येते?

तक्त्याचं पुढे काय झालं?

हे तुम्ही विचारणारच! त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला पांढऱ्या कागदाची पट्टी दिली. म्हटलं, चुकीचा आकडा झाक आणि वर बरोबर लिही. तिने पट्टी घेतली, थोडा विचार केला आणि ती झाकण्यासाठी न वापरता खाली चिकटवली. वरचा लाल आकडा एका रेघेने खोडला, पट्टीवर बरोबर आकडा लिहिला, आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: 'हा आकडा मी न तपासता लिहिला होता. चौथीतल्या एका मुलाने चूक दाखवली.'

दुसऱ्या दिवशी मी प्रदर्शन पाहायला गेले होते. लोक त्या खोडलेल्या आकड्यापाशीच जास्त वेळ थांबत होते. ती प्रत्येकाला सांगत होती, शेवटचा अंक बघा, सम आहे की विषम? आणि मग दोन पॉवची गोष्ट. तिच्या शेजारी तो मुलगाही उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

तर मुलांनो, नाव म्हणजे नुसती हाक नाही, तो पत्ता आहे. आपली वस्तू चारचौघांत ठेवताना तिच्यावर पूर्ण नाव घाला, आणि चारचौघांतून वस्तू उचलताना त्यावरचं नाव वाचा. आणि उत्तर कुणीही दिलेलं असो, कॉम्प्युटरने, मोठ्या माणसाने, अगदी तुमच्या बाईंनीसुद्धा, एकदा शेवटच्या अंकाकडे बघून घ्या.

हं, आणि ते सुरुवातीला घेतलेलं पातेलं जागेवर ठेवलंत ना? नाव वाचून ठेवा हं!